बॅटमॅनचे हात कुठे गेले?

चित्रकथेतला नायक काढायला शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, पहिली पायरी ठरलेली असते : आधी एक गोल काढा. हे वाक्य इतकं साधंभोळं दिसतं, की नवशिक्याला वाटतं, हे तर आपल्याला येतंच. मग तो गोल काढतो. होतो बटाटा. दुसऱ्यांदा काढतो, जरा बरा बटाटा होतो. पाचव्या बटाट्यानंतर तो गुपचूप उठतो आणि स्वयंपाकघरातून आमटीची वाटी घेऊन येतो. सुपरमॅनच्या डोक्याला वाटी मोठी पडते, म्हणून बांगडी. बांगडीही मोठी पडते, म्हणून पाच रुपयांचं नाणं. निम्मी संध्याकाळ अशी भांडीकुंडी मोजण्यात जाते.

दुसऱ्या पायरीत त्या गोलावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची असते. तिसरीत हनुवटी जोडायची असते. आणि चौथ्या पायरीत पानावर अख्खा सुपरमॅन उभा असतो! कपाळावर बट, जबड्याला धार, छातीवर ‘एस’, मागे फडफडणारी केप. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे नक्की काय घडलं, याबद्दल पुस्तक चकार शब्द काढत नाही. पाककृतीत ‘कांदा बारीक चिरून घ्या’ च्या पुढची ओळ एकदम ‘पाहुण्यांना गरमागरम वाढा’ असावी, तसा हा प्रकार.

दहा वर्षांच्या मुलाला याचं काही वाटत नाही. तो हनुवटी विसरतो, तलवार मोठी काढतो आणि खाली ‘सुपरमॅन’ असं लिहून मोकळा होतो. पंचाईत होते ती चाळिशीतल्या नवशिक्याची. हा एरवी शहाणासुरता, कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारा गृहस्थ असतो. एका रविवारी सहा वर्षांची मुलगी म्हणते, “बाबा, बॅटमॅन काढून द्या ना.” तो म्हणतो, “त्यात काय!” पुढे जे रामायण घडतं, त्याचं मूळ या दोन शब्दांत आहे. पहिला बॅटमॅन पाहून मुलगी विचारते, “ही मांजर का रागावलीय?”

अशा वेळी माणूस स्वतःला दोष देत नाही, पेन्सिलीला देतो. मग त्याची स्वारी पुण्यात असली तर आप्पा बळवंत चौकात जाते. दुकानदार विचारतो, “कितवीत आहे मुलगा?” नवशिका घसा खाकरून म्हणतो, “नववीत.” मुलगा नसतोच, पण आपल्यासाठीच हवंय म्हणावं, तर मागे रांगेत ओळखीचे जोशीकाका उभे असतात. एचबीपासून आठ-बीपर्यंतच्या पेन्सिली, टाक, काळी शाई, जाड गुळगुळीत कागद, असं करत करत तो खास निळ्या पेन्सिलीपर्यंत पोहोचतो. या निळ्या पेन्सिलीची गोष्ट खरोखर गमतीची आहे. जुन्या छापखान्यातल्या कॅमेऱ्याच्या फिल्मला फिकट निळा रंग दिसत नसे. म्हणून चित्रकार कच्चं रेखाटन निळ्यात करत, वरून शाई फिरवत आणि खोडाखोडीच्या भानगडीत पडत नसत. चुका कॅमेऱ्यापासून लपत. घरच्यांपासून लपवणारी पेन्सिल अजून बाजारात आलेली नाही.

जो शुस्टर या मुलाकडे यातलं काहीच नव्हतं. घरची परिस्थिती बेताची, कागद महाग; तेव्हा भिंतीला लावायच्या कागदाची मागची बाजू आणि खाटकाकडचा मांस गुंडाळायचा कागद यांवर तो चित्रं काढत असे. त्यानं आणि जेरी सीगल या त्याच्या दोस्तानं मिळून सुपरमॅन घडवला. १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो मोटार उचलून उभा राहिला. ही हकीकत नवशिक्याला कळते, तोवर सामानाची पावती झालेली असते.

महाराष्ट्रातल्या नवशिक्याच्या गाठीशी आणखी एक पुण्याई असते. शाळेत असताना त्यानं शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं त्यानं केलेलं असतं, आणि ‘बी’ श्रेणीचं प्रमाणपत्र आईनं अजून कपाटात, रेशनकार्डाच्या खाली जपून ठेवलेलं असतं. पण वस्तुचित्राला समोर बादली असते. बादली जागची हलत नाही. ती इमारतीवरून उडी मारत नाही, हवेत गिरकी घेत नाही आणि कुणाच्या जबड्यावर ठोसाही मारत नाही. स्मरणचित्रात माणसं असायची खरी. पण गणपती विसर्जनाच्या गर्दीतली माणसं पाठमोरी काढावीत, म्हणजे चेहऱ्यांची कटकट वाचते, ही युक्ती बाकाबाकांवरून पसरलेली असायची. पाऊस असला तर फारच उत्तम. सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या काढल्या की निम्मं काम फत्ते.

ही छत्रीची युक्ती लक्षात ठेवावी. ती पुढे फार मोठ्या मोठ्या लोकांच्या चित्रांत भेटते.

तर, गोल जमला की माप येतं. माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या पटीत मोजायची. तुमच्याआमच्यासारखा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराची पुस्तकं चित्रकलेचे विद्यार्थी आजही पारायण केल्यासारखी वाचतात. त्याचा आदर्श पुरुष आठ डोक्यांचा आहे. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांनी १९७८ साली मार्व्हलच्या पद्धतीनं चित्रकथा कशा काढाव्यात याचं पुस्तक काढलं. त्यातल्या नायकाला आठही पुरत नाहीत, त्याला पावणेनऊ लागतात. बुसेमा रेघेचा बादशहा होता, त्याला ती पाऊण शोभते. नवशिका मात्र डोक्यापासून सुरुवात करून एकेक डोकं मोजत खाली उतरू लागतो आणि सहाव्या डोक्याला कागद संपतो. गुडघ्यांच्या खालचं सगळं टेबलावर. पुढच्या खेपेला तो सावधपणे आधी पायांपासून सुरुवात करतो. मग डोक्याला जागा उरत नाही, आणि जे डोकं कसंबसं बसतं त्याच्या हिशेबानं नायक चौदा डोक्यांचा भरतो.

खरं तर हा हिशेब आपल्याला नवा नाही. आपल्याकडच्या शिल्पशास्त्रात याला ‘ताल’ म्हणतात. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, आणि त्याची बारा अंगुळं. कुठली मूर्ती किती तालांची हे ठरलेलं : मोठ्या देवांना दशताल, इतरांना नऊ, माणसाला आठ, आणि गणपतीला पाच. म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश हे मार्व्हलवाल्यांच्या पंक्तीला बसणारे. गणपती मात्र नवशिक्यांची कणव येऊन आखलेला दिसतो. महाराष्ट्रात ज्याला काहीच काढता येत नाही, त्यालाही गणपती काढता येतो. पिंपळपानातून, ॐ मधून, लग्नपत्रिकेवर दोन फटकाऱ्यांत, कसाही. सोंड वळली आणि कान सुपाएवढे झाले की समोरचा हात जोडतो. हातांचं, बोटांचं प्रमाण कुणी विचारत नाही.

व्यावसायिक मंडळींचा नियम हाच आहे. नुसती सावली पाहून पात्र ओळखू आलं पाहिजे. मिकी माउसचे दोन गोल कान, सुपांडीचं लांबुळकं डोकं, चाचा चौधरींची पगडी आणि मिशा. पगडी-मिशांचा हा महिमा मराठी शाळांत १ ऑगस्टला दरवर्षी सिद्ध होतो. लोकमान्यांची पगडी आणि मिशा नीट जमल्या, की मधे कुणाचाही चेहरा चालतो; एका वर्गातले चाळीस टिळक एकमेकांसारखे दिसत नाहीत, पण सगळे टिळकच असतात.

बॅटमॅनच्या बाबतीत नवशिक्याची चूक इथेच झाली होती. दोन टोकदार कान काढून तो थांबला असता, तर मांजराचा विषयच निघाला नसता. त्यानं मधे चेहरा काढला. त्यातही डोळे काढले, आणि डोळ्यांत बुबुळं.

बुबुळं हा जाणत्यांनी टाळलेला प्रांत आहे. जुन्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे मराठी घरांत पोहोचलेला वेताळ, म्हणजे ली फॉकचा १९३६ सालचा फँटम, त्याच्या मुखवट्याआड बुबुळं नाहीतच. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून आपल्याला ही कल्पना सुचली, असं फॉकनं सांगितलं. बॅटमॅनचे डोळेही पांढरे. १९६२ मध्ये स्टीव्ह डिटकोनं स्पायडरमॅनचा पोशाख बेतला तेव्हा त्यानं आख्खा चेहराच झाकून टाकला, कारण आतला पोरसवदा चेहरा दिसला तर मजा जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. नाक नाही, ओठ नाहीत, हसणं-रडणं नाही! नवशिक्याला वाटतं, सापडला आपला माणूस. मग लक्षात येतं, की चेहऱ्याची सुटका केल्याचं उट्टं डिटकोनं जाळ्याच्या रेघांत काढलंय. ती जाळी डोक्याच्या गोलाईवरून वळली पाहिजे, नाकाच्या जागी थोडी वर आली पाहिजे, आणि हे पानावरच्या प्रत्येक चौकटीत पुन्हा पुन्हा. एका संध्याकाळी स्पायडरमॅन काढून बसलेल्या नवशिक्याच्या कागदावर जे दिसतं, ते मासे धरायच्या जाळ्यात अडकलेल्या नारळासारखं असतं. आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक तर आधी ‘अमर चित्र कथा’ आणि मग १९८६ पासून नागराज काढत होते. नागराजच्या अंगावर खवले. त्यांचा हात किती सराईत असेल याचा अंदाज फक्त त्यालाच येतो, ज्यानं एकदा तरी खवले मोजून काढायला घेतलेत आणि कोपरापाशी सोडून दिलेत.

आता हात. कोपरापर्यंतचा नव्हे, त्याच्या पुढचा. चित्रकलेत हाताइतकी नामोहरम करणारी दुसरी वस्तू नाही. अंगठा कुठल्या बाजूला हे समजायला नवशिका स्वतःचा डावा हात समोर धरतो. पण काढायचा असतो उजवा, आणि उजव्या हातात पेन्सिल असते. मिकीच्या हाताला चारच बोटं का, याचं उत्तर वॉल्ट डिस्नींनी देऊन ठेवलंय. उंदराला पाच बोटं दिली की ती केळ्यांची फणी दिसते. शिवाय हजारो चित्रांतून एकेक बोट वाचलं की पैसाही वाचतो. जॅक कर्बीनं कॅप्टन अमेरिकापासून हल्कपर्यंत अर्धं मार्व्हल उभं केलं, त्याची बोटं टोकाला सरळ चौकोनी असत, तुळया कापून ठेवाव्यात तशी. तीच पुढे त्याची शैली म्हणून गाजली. नवशिक्याची बोटंही चौकोनी येतात. पण त्याला कुणी शैली म्हणत नाही.

पायांची तऱ्हा याहून वेगळी नाही. डेडपूलच्या दोन निर्मात्यांपैकी एक रॉब लायफेल्ड. १९९० च्या दशकात त्याचे अंक धडाधड खपत. त्याचे वीर धुरात, खडकांमागे, ढिगाऱ्यांत उभे असत, आणि त्यांना पावलं आहेत की नाहीत याची वाचक आजतागायत थट्टा करतात. आपल्या विसर्जनाच्या चित्रातल्या छत्र्या त्या याच! फरक इतकाच, की आपल्याला त्याचे ‘बी’ श्रेणीचे गुण मिळाले आणि लायफेल्डला लाखो वाचक.

जपानमध्येही हेच. अकिरा तोरियामाच्या ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू संतापाच्या परमोच्च क्षणी सुपर सायन होतो आणि त्याचे काळे केस एकदम सोनेरी होतात. जगभरची पोरं त्या रूपांतरानं थरारली. काळ्या-पांढऱ्या छपाईत सोनेरी म्हणजे कोरा कागद. गोकूच्या केसांत शाई भरण्यात मदतनिसाचा फार वेळ जायचा, तो वाचवायचा होता, असं तोरियामानंच सांगितलं. आणि थेट आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर आर. के. लक्ष्मण यांचं घ्या. सुरुवातीला ते सामान्य जनता दाखवायला बंगाली, तमिळ, पंजाबी अशी तऱ्हेतऱ्हेची माणसं काढत. अंक छपाईला जायची वेळ जवळ येई तशी एकेक माणूस गळू लागला. शेवटी चौकटीचा कोट आणि धोतरातला एकच गृहस्थ उरला. त्यालाच पुढे देश ‘कॉमन मॅन’ म्हणून ओळखू लागला. वेळ कमी होता म्हणून घडलेलं इतकं मोठं काम दुसऱ्या कुठल्या खात्यात दाखवता येणार नाही.

हे सगळं वाचून नवशिक्याला धीर येतो आणि तो थेट छापायच्या, म्हणजे गिरवायच्या मार्गाला लागतो. शाळेत खिडकीच्या काचेवर कागद धरून केलं, तेच आता मोबाइलच्या पडद्यावर बटर पेपर ठेवून. बोट जरा दाबलं गेलं की चित्र सरकतं आणि बॅटमॅनच्या जागी विजेच्या बिलाची आठवण येते. मनातून अपराधी वाटत असतं. वास्तविक वॉली वूडसारख्या दिग्गज चित्रकाराच्या नावावर एक वचन सांगतात, त्याचा मथितार्थ असा : नक्कल करता येत असेल तर काढू नका, गिरवता येत असेल तर नक्कल करू नका, आणि कापून चिकटवता येत असेल तर गिरवूसुद्धा नका. याच वूडनं बावीस चौकटींचा एक तक्ता करून ठेवला होता. पात्रं नुसती बोलत बसली असतील आणि वाचक कंटाळण्याची भीती असेल, तर त्यातली एखादी चौकट वापरायची. कधी डोळ्याचं जवळून चित्र, कधी पात्राची फक्त काळी सावली. अमेरिकेतल्या चित्रकारांच्या टेबलांसमोर त्या तक्त्याच्या प्रती वर्षानुवर्षं लटकत राहिल्या.

गिरवून भागत नाही, तिथे देहबोली येते. उडी मारणारा माणूस कसा दिसतो? ॲलेक्स रॉस हा चित्रकार आपल्या ओळखीच्या माणसांना उभं करून, प्रकाश पाडून, फोटो काढून मग रंगवतो. नवशिक्याच्या ओळखीत असं कोण? तो बाथरूमच्या आरशासमोर स्वतःच एक गुडघा वाकवून, एक हात फरशीला टेकवून, दुसरा मागे फेकून, मान वर करून बसतो. ही स्पायडरमॅनची बैठक. चाळिशीनंतर ती जमते, पण तिच्यातून उठता येत नाही.

“अहो, काय चाललंय आत? दूध उतू गेलं!”

“आलोच,” आतून आवाज येतो. “जरा दाराची कडी काढता येत नाहीये.”

त्याहून अवघड एक गोष्ट उरतेच. चित्रकथेत नायक एकदा काढून भागत नाही, तो पुढच्या चौकटीत पुन्हा तसाच यावा लागतो. नवशिक्याचा नायक पहिल्या चौकटीत तिशीचा असतो, दुसरीत त्याला पन्नाशी लागते, तिसरीत तो वेगळ्याच खानदानातला दिसतो. १९९१ पासून चारुहास पंडितांनी ‘चिंटू’ वर्षानुवर्षं, दिवसामागून दिवस काढला, आणि तो कुठल्याही कोनातून चिंटूच राहिला. सकाळी चहाबरोबर ते तीन-चार चौकोन सहज वाचून बाजूला ठेवणाऱ्यांना त्यातली मेहनत कळणं शक्य नव्हतं. चार्ल्स शुल्झ या माणसानं तर ‘पीनट्स’च्या १७,८९७ पट्ट्या काढल्या, १९५० पासून २००० पर्यंत. तरुणपणी त्यानं टपालानं चित्रकलेचा अभ्यासक्रम केला होता. फी एकरकमी झेपणारी नव्हती. त्यात ‘लहान मुलं काढणे’ या विषयात त्याला मिळालेली श्रेणी होती ‘सी प्लस’. पुढे तो त्याच संस्थेत शिकवायला लागला आणि जन्मभर लहान मुलंच काढत बसला. लक्ष्मण यांना तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेशच नाकारला होता. ‘बी’ श्रेणीवाल्याला हे वाचून इतकं बरं वाटतं, की तो ते प्रमाणपत्र रेशनकार्डाखालून काढून बायकोला दाखवतो. ती म्हणते, “पण तुम्ही ते वस्तुचित्राला मिळवलंत ना? मग बादली काढा की.”

असे तीन-चार महिने गेले. टेबलाच्या खणात एक हात नसलेले, पाय कागदाबाहेर गेलेले, धुरात उभे राहिलेले बरेच वीर जमले. मग एका रविवारी शाईची बाटली कलंडली. चांगल्या, महागाच्या कागदावर हा मोठा काळा डाग पसरला. नवशिक्यानं तो फडक्यानं टिपायला घेतला, तर वरच्या कडेला शाई दोन जागी ओढली गेली आणि दोन टोकं तयार झाली. मुलगी शेजारी बसून खाकरा खात होती. ती ओरडली, “बॅटमॅन!”

नवशिक्यानं फडकं हळूच बाजूला ठेवलं. दोन पांढऱ्या फटी सोडल्या, बुबुळांच्या वाटेला गेला नाही. खाली केप होतीच. सही केली, तारीख घातली.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. “याचे हात कुठे आहेत?”

“केपच्या आत.”

“का?”

“थंडी वाजतेय त्याला.”

तिला हे पटलं नाही. तिनं पांढरा खडू आणला आणि काळ्या केपवर दोन्ही बाजूंना दोन हात काढले, बोटांसकट, एका दमात. वाटी नाही, बांगडी नाही, आरसा नाही. एका हाताला सहा बोटं आली, दुसऱ्याला चार. बेरीज बरोबर होती.